प्रोसिडिंगला घेतलं का?

सभा संपत आली की ती उठून माझ्या टेबलाशी यायची, उजव्या हाताची चार बोटं उघड्या रजिस्टरवर ठेवायची आणि म्हणायची, "प्रोसिडिंगला घेतलं का, भाऊसाहेब?"

मी म्हणायचो, "घेतो, मावशी."

"घेतो न्हाई. घेतलं का?"

बोटं तिथून हलायची नाहीत. मग मी पेनाचं टोपण काढायचो.

ग्रामपंचायतीच्या मासिक सभेला तुम्ही कधी बसला असाल तर प्रोसिडिंग म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. सभेत काय बोलणं झालं, कोणते ठराव झाले, कोण सूचक, कोण अनुमोदक, हे सगळं ज्यात लिहायचं ते जाडजूड रजिस्टर. सरकारी कागदात त्याला इतिवृत्त म्हणतात. पण सरपंचापासून शिपायापर्यंत कुणी तो शब्द उच्चारलेला मी कधी ऐकला नाही. प्रोसिडिंग लिहितात, प्रोसिडिंग फिरवतात, म्हणजे जे सभेला आले नाहीत त्यांच्या घरोघरी नेऊन सह्या घेतात, आणि एखाद्याचं बोलणं थांबवायचं असलं की म्हणतात, "घेतलं तुझं प्रोसिडिंगला, बस आता खाली." एकदा तिथे गेलं की ते प्रकरण मिटलं असं सगळेच धरून चालतात. मीही त्यातलाच.

मी ग्रामसेवक. त्या वर्षांत माझ्याकडे आंबेगावच्या पश्चिम अंगाच्या तीन गावांचा कारभार होता आणि राहायला मी मंचरला. सकाळी मोटारसायकल काढायची, एका गावात दाखले द्यायचे, दुसऱ्यात पाण्याची तक्रार ऐकायची, तिसऱ्यात सभा घ्यायची. संध्याकाळी घरी आलो की बायको काही विचारायची आणि माझ्या तोंडून "बघतो" एवढंच निघायचं. दिवसभर तेच म्हणून म्हणून जिभेला तेवढाच शब्द उरलेला असायचा.

मावशी या तिसऱ्या गावाची सदस्य होती. गावापासून पाऊण तासाच्या चालीवर, ओढ्यापलीकडे त्यांची वाडी. भाताची खाचरं, वर डोंगरउतारावर नाचणी आणि वरई. जागा महिलेसाठी राखीव झाली तेव्हा दर महिन्याला एवढं चालत यायला दुसरी कुणी तयार होईना, म्हणून हिला उभं केलं, आणि ती बिनविरोध आली. वय साठीच्या आसपास, अंगानं काटक. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण पाच वर्षांत ती सभेला एकदाही उशिरा आली नाही. सभा अकराची असेल तर ती साडेदहाला व्हरांड्यात बसलेली. बाकीचे साडेअकराला येत, किंवा येतच नसत.

अंगठा ती सभेतच द्यायची. शिपाई प्रोसिडिंग घेऊन वाडीवर गेला तर त्याला चहा द्यायची, पण अंगठा नाही. "वाचून दावा, मंग देते," असं म्हणायची. शिपायाला माझं अक्षर लागायचं नाही, त्यामुळे तो तसाच परत यायचा.

तिचा विषय एकच होता, ओढ्यावर साकव. साकव म्हणजे माणसं आणि फार तर एखादी दुचाकी जाईल एवढा लहान पूल. आठ महिने त्या ओढ्यात घोट्याएवढं पाणी नसतं. पावसाळ्यात मात्र तो दोन-दोन दिवस कुणाला पलीकडे जाऊ देत नाही.

का हवा, हे तिनं मला एकदाच सांगितलं. तिची धाकटी जाऊ बाळंतपणात अडली. माणसांनी तिला झोळीत घालून ओढ्यापर्यंत आणलं. पाणी उतरायची वाट बघत ते सकाळपासून दुपार टळेपर्यंत काठावर बसले. पोरगी तिथंच झाली. जाऊ गेली.

"सावलीला धरलं व्हतं आमी लुगडं," ती म्हणाली. "मधीच ऊन पडलं व्हतं ना. ऊन पडलं, पर पानी काय उतरंना."

ती पोरगी मावशीनंच वाढवली. तिला स्वतःचं मूल नव्हतं. पोरगी तिला थोरली आई म्हणायची.

एकदा कोरम व्हायची वाट बघत आम्ही दोघंच कचेरीत बसलो होतो. ती म्हणाली, "भाऊसाहेब, ह्ये प्रोसिडिंग म्हंजी काय वो? शबुद कुठला?"

"इंग्रजी."

"आन् अर्थ?"

मला नीट सांगता येईना. वीस वर्षं ते रजिस्टर लिहीत होतो, पण शब्दाचा अर्थ कधी शोधला नव्हता. घरी गेल्यावर मुलीच्या शाळेची डिक्शनरी काढली. प्रोसीड म्हणजे पुढे जाणे. खाली दुसरा अर्थ होता, थांबल्यानंतर पुन्हा पुढे चालू लागणे. पुढच्या सभेला मी तिला हे सांगितलं.

ती आधी हसली नाही. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"पुढं जानं?"

"हो."

"आन् त्ये तुमी कपाटात घालून कुलूप लावता?"

शिपाई खो खो हसला. मीही हसलो. मग मी तिला दुसरा अर्थ सांगितला. ती म्हणाली, "ह्यो बरूबर हाय. थांबून तर लई वरसं झाली."

त्या दिवसापासून तो शब्द तिनं कामाला लावला. आम्ही कागदापुरता वापरायचो, ती सगळीकडे वापरायला लागली. बैल बसला की तो प्रोसिड व्हत न्हाई. गुडघा धरला की गुडघा प्रोसिड करत न्हाई. रोपं लावून चार दिवसांनी उभी राहिली की भात प्रोसिड झालं. सरपंचांनी भाषण लांबवलं की ती मागून म्हणायची, "दादा, प्रोसिड व्हा." सरपंचांना वाटे ती कौतुक करतेय. व्याकरण बिघडलं असेल, अर्थ मात्र प्रत्येक ठिकाणी बरोबर बसायचा. पुढं जायचंय आणि काहीतरी अडलंय, अशाच जागी ती तो शब्द वापरायची.

आता मला जे सांगायचंय ते सांगताना अजून अवघडल्यासारखं होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या सभेत पुढच्या वर्षाच्या आराखड्यात कोणती कामं घ्यायची ते ठरायचं होतं. सभा रखडली होती. मला दुपारी दुसऱ्या गावात पोचायचं होतं. मावशीनं शेवटी साकवाचा विषय काढला. एक सदस्य म्हणाला, "हिचं दर म्हैन्याला तेच असतंय राव." बाकीचे उठायला लागले. ती बोटं रजिस्टरवर ठेवून उभी राहिली आणि मी म्हणालो, "घेतलं, मावशी. सातवा ठराव." कच्च्या कागदावर मी दोन शब्द खरडले होते. प्रोसिडिंग मी दोन दिवसांनी घरी बसून लिहिलं. पान सहाव्या ठरावाशी संपत होतं. सातव्यासाठी नवीन पान उघडावं लागलं असतं. मला कंटाळा आला होता. याहून मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केलाय, पण ते सापडत नाही.

पुढच्या सभेत मागचं प्रोसिडिंग वाचून कायम करायचं असतं. कुणी वाचू देत नाही, "कायम, कायम" म्हणून मोकळे होतात. ती म्हणाली, "वाचा."

मी सहा ठराव वाचले. आणि मग, पानावर सह्यांसाठी सोडलेल्या कोऱ्या जागेकडे बघत, सातवाही वाचला. "ठराव क्रमांक सात. ओढ्यावर साकव बांधणेबाबत. सर्वानुमते मंजूर." आवाजही कापला नाही माझा. तिनं शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि खाली ठसा उमटवला.

फाल्गुनात ती एकटीच एसटीनं तालुक्याच्या कचेरीत गेली. साकवाचं काय झालं म्हणून विचारलं. तिथल्या बाईंनी आमच्या गावाचे आलेले ठराव काढून दाखवले. सहा होते. वर्षाचा आराखडा तोवर मंजूर होऊन गेला होता.

त्यानंतरच्या सभेला ती दहालाच आली. मी नुकतीच गाडी लावत होतो.

"भाऊसाहेब, दिवाळीच्या म्हैन्याचं काढा."

मी कपाट उघडून रजिस्टर काढलं.

"वाचा."

मला पुन्हा एकदा सातवा ठराव वाचता आला असता. तो तोंडपाठ होता. पण ती पानाकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी सहा वाचले आणि थांबलो.

"आन् सातवा?"

"लिहिला नाही, मावशी."

"पर तुमी वाचला व्हता."

"हो."

"मंग म्या अंगठा कशाला दिला?"

 मी म्हणालो, "तक्रार करायची तर करा. माझं चुकलंय."

"कुनाकडं करू? ती बी तुमीच लिवनार." हे तिनं रागानं म्हटलं नाही. एवढं थकलेलं बोलणं मी क्वचितच ऐकलं असेल.

मग ती समोरच्या खुर्चीत बसली आणि तिनं मला आधीच्या दोन वर्षांचं सगळं प्रोसिडिंग वाचायला लावलं. तोवर सदस्य जमले. सरपंच म्हणाले, "मावशी, सभा घ्यायची का?" ती म्हणाली, "घ्या की. आमचं व्हऊ द्या." सगळे आपापल्या जागी बसले. साकव किती ठिकाणी आलाय ते ती बोटांवर मोजत होती. तसा तो बऱ्याच वेळा आला होता. जिथे यायला हवा होता तिथेच तेवढा नव्हता.

शेवटी ती म्हणाली, "साकव कसा दिसतो त्यो मला काढून दावा."

मी कागदावर पूल काढायला लागलो.

"त्यो न्हाई. शबुद."

मी मोठ्या अक्षरात लिहून दिला. तिनं कागद उलटसुलट करून बघितला. स म्हणजे कुठपर्यंत, काना कुठला, हे विचारलं. क ला ती "दोन पोटाचा" म्हणाली. कागद घडी करून कनवटीला लावला. नंतरच्या प्रत्येक सभेत वाचून झालं की ती रजिस्टर आपल्याकडे फिरवून घ्यायची आणि ओळींवरून बोट फिरवत ते तीन अक्षरांचं घर शोधायची. सापडलं की तिथं बोट ठेवून माझ्याकडे बघायची. मग अंगठा.

त्या वर्षी पोरीचं पहिलं बाळंतपण होतं. तिला पेठ गावात दिलेली. पहिलटकरणीनं माहेरी यायचं, आणि दिवस नेमके श्रावणातले होते. मावशीनं निरोप धाडला, येऊ नको.

हे मला शिपायाकडून कळलं. सभेनंतर मी तिला म्हणालो, "मावशी, मंचरला माझ्या घरी आणून ठेवा तिला. आम्ही बघू."

"आवो, तुमचं घर त्ये काय तिचं म्हायेर हाय का?" असं म्हणून ती पदर सावरत उठली. दारात थांबून म्हणाली, "इचारलंत, बरं वाटलं."

श्रावणात ती नाचणीचं पीठ आणि जुन्या लुगड्यांची बाळोती बांधून पेठेला गेली आणि लेकीच्या सासरी सव्वा महिना राहिली. तिच्या वयाच्या बाईला व्याह्याच्या घरी असं राहणं किती जड गेलं असेल ते तुम्हीच समजा. मुलगी झाली, दोघी सुखरूप. त्या महिन्याची सभा मात्र तिची चुकली. पाच वर्षांतली तेवढी एकच. त्या दिवशी कुणी वाचा म्हणालं नाही. सभा वीस मिनिटांत आटोपली. ठराव मी तिथेच बसून लिहिले, पण रजिस्टरवर बोटं ठेवायला कुणी नव्हतं.

पुढच्या आराखड्याच्या वेळी सगळं मोबाईलवर भरायचं झालं होतं. आमच्या गावात रेंज यायची ती फक्त वरच्या खिंडीत. संगणक सांभाळणारा रजेवर होता आणि मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मी मोटारसायकलला किक मारली तशी मावशी म्हणाली, "म्या बी येते." ती आयुष्यात पहिल्यांदा मोटारसायकलवर बसली. एका बाजूला दोन्ही पाय सोडून, एका हातानं माझा शर्ट गच्च धरून. चढाला मागून म्हणाली, "प्रोसिड तर झ्याक करतीया."

खिंडीत एका खडकावर बसून मी रकाने भरायला लागलो. कामाचं नाव, ठिकाण, लांबी. सगळं भरल्याशिवाय खालचं बटण उघडत नाही, राखाडीच राहतं. त्यावर इंग्रजीत काय लिहिलंय ते तिनं विचारलं.

"प्रोसीड."

"आपलंच की ह्ये!" ती एवढ्यानं म्हणाली की खालच्या उतारावरची गुरं बघायला लागली.

शेवटचा रकाना होता, किती लोकांना उपयोग होणार. ती घरं धरून एकेक नाव घ्यायला लागली. म्हातारी माणसं, सुना, पाळण्यातली पोरं. शेवटी म्हणाली, "आन् आमची पोरगी. आन् तिची लेक."

"ती आता पेठेची, मावशी. तिचं नाव तिकडे."

"येनार तर हितनंच ना?"

मी दोन माणसं वाढवली. माझ्या नोकरीत मी काही बरोबर केलं असेल तर त्यात हे मी धरतो.

बटण निळं झालं. मी फोन तिच्यापुढे धरला. "तुम्ही दाबा."

तिनं अंगठा टेकवला. काही झालं नाही. पुन्हा टेकवला. इतक्या वर्षांच्या कामानं कातडी एवढी राठ झाली होती की फोनला ती लागेना. मी म्हणालो, थोडा ओला करा. तिनं अंगठा जिभेला लावला, पदराला पुसला आणि पुन्हा दाबला. पडद्यावर एक गोल फिरायला लागलं. ते फिरत राहिलं. आम्ही दोघंही त्याकडे बघत बसलो. ती म्हणाली, "नुस्तंच फिरतंय." मी म्हणालो, "फिरू दे." वारा होता. बऱ्याच वेळानं हिरवी खूण आली.

साकव मंजूर झाला. निविदा, फेरनिविदा, वाळू नाही, मजूर नाही, असं होत होत तो बांधून व्हायला आणखी दीड वर्ष गेलं. तोवर मावशीची मुदत संपली. तिच्या जागी आलेल्या सदस्य बाई मनानं चांगल्या होत्या, पण सभेला त्यांचे यजमान येत. उद्घाटनाला पाहुणे आले, फीत कापली, नारळ फुटला. ठराव मांडणाऱ्या बाईचं नाव कुणाच्या भाषणात आलं नाही. मी कर्मचारी माणूस, कोपऱ्यात उभा होतो. मीही पुढे होऊन सांगितलं नाही.

कार्यक्रम झाल्यावर मी साकवावरून पलीकडे वाडीवर गेलो. तिच्या दाराला नुसती कडी होती. शेजारीण म्हणाली, "हिरडा येचायला गेलीया वर. सांजच्याला येईल." मी थोडा वेळ ओट्यावर बसलो. अंगणात हिरडा वाळत घातलेला होता. मला दुपारी दुसऱ्या गावात दाखले द्यायचे होते. मी उठलो.

दोन महिन्यांनी माझी बदली जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या बाजूला झाली. तिकडेही तीन गावं, राहायला मंचरच. पुन्हा भेटायला जाऊ, असं मनात होतं. बघतो, बघतो करत ते राहिलं.

परवा पेठेला एका लग्नाला गेलो होतो. परतीला एसटीच्या थांब्यावर एक बाई बोट धरलेल्या मुलीला घेऊन उभी होती. ती माझ्याकडे दोनदा बघून जवळ आली.

"तुमी भाऊसाहेब ना? आमच्या गावचं?"

मी ओळखलं नाही. तिनं वाडीचं नाव सांगितलं तेव्हा कळलं. मी पहिलं विचारलं ते हेच, "मावशी कशी आहे?"

तिनं मुलीला जवळ ओढून घेतलं. मग म्हणाली, "थोरली आई गेली, भाऊसाहेब. भादव्यात. तुमाला कळवायचं ऱ्हाऊन गेलं."

ताप आला होता. दोन दिवस अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी ही पोरगी नेमकी माहेरीच होती, म्हणून दवाखान्यात न्यायचं ठरलं. ओढा दोन्ही थड्या भरून वाहत होता. गाडी साकवाच्या अलीकडे, गावाच्या बाजूला येऊन उभी राहिली. माणसं तिला उचलून न्यायला निघाली तर तिनं ऐकलं नाही. चालतच निघाली, एका बाजूनं लेकीचा हात धरून.

"मधापतुर आली आन् खालीच बसली," पोरगी म्हणाली. "आमाला वाटलं चक्कर आली. तर न्हाई. कठड्याच्या फटीतनं खालचं पानी बघत व्हती. गाडीवाला हारन वाजवायला लागला. म्या म्हनलं, चल की आई, उशीर व्हतोय. तर मला म्हनली, थांब गं जरा. घाई कसली हाय."

"मग?"

"बसलो मंग. म्या बी बसले. लई येळ."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिनं प्राण सोडला.

मंचरची गाडी आली. पोरीनं मुलीला कडेवर घेतलं आणि मला विचारलं, "तुमी न्हाई का येत?" मलाही मंचरलाच जायचं होतं. गाडीत जागा होती, पण मला जरा थांबायचं होतं. मी म्हणालो, "तुम्ही व्हा पुढे. मी मागच्या गाडीनं येतो."